दूरचित्रवाणी स्पर्धांतील विनामूल्य प्रवेशिका

दूरचित्रवाणी स्पर्धांतील विनामूल्य प्रवेशिका म्हणजे दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या बक्षीस योजनेत किंवा स्पर्धक निवडीत कोणतेही शुल्क न भरता सहभागी होण्यासाठी प्रेक्षकाने पाठविलेली प्रवेशिका. पोस्टकार्ड, संकेतस्थळ, मोबाईल ॲप, मिस्ड कॉल किंवा नेहमीच्या दराचा एसएमएस ही तिची प्रचलित माध्यमे आहेत. अनेक स्पर्धांमध्ये विनामूल्य मार्गाच्या जोडीला वाढीव दराचा एसएमएस किंवा वाढीव दराचा दूरध्वनी असा सशुल्क मार्गही खुला असतो. अशा वेळी विनामूल्य प्रवेशिकेला सशुल्क प्रवेशिकेइतकीच संधी मिळते का, हा प्रश्न ग्राहक संरक्षण, जुगारविषयक कायदा आणि संभाव्यताशास्त्र या तिन्ही क्षेत्रांशी निगडित आहे.

भारतात या विषयाची सर्वाधिक चर्चा 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वातील 'हर सीट हॉट सीट' या प्रेक्षक स्पर्धेमुळे झाली. या स्पर्धेविषयीचा वाद राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

## संज्ञा आणि स्वरूप

बक्षीस योजनेचे कायदेशीर स्वरूप ठरविताना सामान्यतः तीन घटक पाहिले जातात: बक्षीस, दैवयोग आणि मोबदला. हे तिन्ही घटक एकत्र आले की ती योजना सोडत किंवा लॉटरी ठरते, आणि शासनाच्या अनुमतीविना लॉटरी चालविणे बहुतेक देशांत गुन्हा आहे. यांपैकी एक घटक वगळला तर योजनेचे स्वरूप बदलते. दैवयोगाऐवजी कौशल्याला निर्णायक स्थान दिल्यास ती कौशल्याची स्पर्धा होते. मोबदला वगळल्यास ती विनामूल्य बक्षीस योजना होते.

विनामूल्य प्रवेशिकेची सोय ठेवण्यामागे आयोजकांचे औदार्य असतेच असे नाही. पुष्कळदा 'मोबदला' हा घटक दूर ठेवून योजना लॉटरीच्या व्याख्येबाहेर राखणे हा त्यामागील हेतू असतो. ही सोय कागदोपत्रीच राहिली, तर सशुल्क प्रवेशिकांच्या जोरावर चालणारी योजना प्रत्यक्षात लॉटरीसारखीच ठरते. विनामूल्य प्रवेशिकेला मिळणाऱ्या संधीला महत्त्व आहे ते याच कारणाने.

दूरचित्रवाणीवरील अशा योजनांचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत:

- घरबसल्या प्रेक्षकांसाठीची सोडत: पडद्यावर विचारलेल्या सोप्या प्रश्नाचे उत्तर पाठविणाऱ्यांतून विजेता निवडला जातो.
- कार्यक्रमातील सहभागासाठीची नोंदणी: नोंदणी करणाऱ्यांतून चाळणी, चाचणी व मुलाखत अशा टप्प्यांनी स्पर्धक निवडले जातात.
- प्रेक्षक मतदानाशी जोडलेली योजना: गायन किंवा नृत्य स्पर्धेतील मत नोंदविणाऱ्यांपैकी काहींना बक्षीस दिले जाते.

## इतिहास

### शब्दकोडी आणि बक्षीस स्पर्धा

दूरचित्रवाणी येण्यापूर्वी बक्षीस स्पर्धांचे मुख्य माध्यम वृत्तपत्रे व साप्ताहिके होती. प्रवेश शुल्क घेऊन शब्दकोड्यांवर मोठी बक्षिसे देणाऱ्या स्पर्धा १९४० आणि १९५० च्या दशकांत लोकप्रिय झाल्या होत्या. त्यांवर नियंत्रण व कर बसविण्यासाठी तत्कालीन मुंबई राज्यात १९४८ मध्ये लॉटरी व बक्षीस स्पर्धा नियंत्रण आणि कर अधिनियम करण्यात आला. बंगळूरहून प्रसिद्ध होणाऱ्या व मुंबई राज्यात मोठा खप असलेल्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातील शब्दकोडे स्पर्धेच्या आयोजकांनी या कायद्याला आव्हान दिले. 'मुंबई राज्य विरुद्ध आर. एम. डी. चमारबागवाला' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी निर्णय दिला. जुगार हा व्यापार नसल्यामुळे त्याला व्यापाराच्या घटनात्मक स्वातंत्र्याचे संरक्षण मिळत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. ज्या स्पर्धेतील यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते ती जुगार ठरत नाही, हे तत्त्वही याच काळातील निर्णयांतून रूढ झाले.

दरम्यान संसदेने बक्षीस स्पर्धा अधिनियम, १९५५ संमत केला होता. अक्षरे, शब्द किंवा आकडे यांच्या जुळणीवर आधारलेल्या कोड्यांच्या स्पर्धांसाठी महिन्याला एकूण १,००० रुपयांहून अधिक बक्षिसे देण्यास या अधिनियमाने मनाई केली आणि प्रत्येक स्पर्धेतील प्रवेशिकांची संख्या २,००० पर्यंत मर्यादित केली.

### पोस्टकार्डांचा काळ

दूरदर्शनच्या एकाधिकाराच्या काळात प्रेक्षकांच्या सहभागाचे प्रमुख साधन पोस्टकार्ड होते. सिद्धार्थ काक आणि रेणुका शहाणे यांनी सादर केलेल्या 'सुरभि' या सांस्कृतिक कार्यक्रमातील प्रश्नांना देशभरातून प्रतिसाद मिळे. एका आठवड्यात सुमारे १४ लाख पत्रे आल्याची नोंद या कार्यक्रमाच्या नावावर आहे. त्या काळी साधे पोस्टकार्ड १५ पैशांना मिळत असे. एवढ्या स्वस्त दरात स्पर्धांच्या पत्रांचा भार वाहणे टपाल खात्याला जड जाऊ लागल्याने २ रुपये किमतीचे स्वतंत्र 'स्पर्धा पोस्टकार्ड' काढण्यात आले. आयोजकाच्या दृष्टीने स्पर्धा विनामूल्यच राहिली, मात्र प्रवेशिका पाठविण्याचा खर्च प्रेक्षकाकडून वसूल होऊ लागला. हा पैसा आयोजकाला न मिळता टपाल खात्याला मिळत असे, हा पुढील काळातील वाढीव दराच्या एसएमएसच्या तुलनेत महत्त्वाचा फरक होता.

### एसएमएस, मिस्ड कॉल आणि ॲप

'कौन बनेगा करोडपती' ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस वाहिनीवर सुरू झाले आणि दूरध्वनीवरून नोंदणी करण्याची पद्धत घरोघरी पोहोचली. मोबाईलच्या प्रसाराबरोबर एसएमएस हे मुख्य माध्यम बनले. स्पर्धेसाठीच्या विशेष क्रमांकावर पाठविलेल्या एसएमएसला नेहमीपेक्षा अधिक दर लागत असे आणि त्यातून मिळणारा महसूल दूरसंचार कंपनी, तांत्रिक सेवा पुरवठादार व वाहिनी यांच्यात वाटून घेण्याची पद्धत होती. संदेशांच्या संच योजनांतील मोफत एसएमएस अशा क्रमांकांना लागू होत नसत. त्यामुळे आपला संदेश विनामूल्य आहे असे समजून तो पाठविणाऱ्याच्या शिलकीतूनही पैसे कापले जात.

पुढे मिस्ड कॉल व मोबाईल ॲप या पद्धती रूढ झाल्या. सोनी वाहिनीवरील 'कौन बनेगा करोडपती'च्या अलीकडील पर्वांत सोनीलिव ॲपवरून नोंदणी करता येते. कार्यक्रम पाहताना घरी बसून उत्तरे देण्याचा 'प्ले अलाँग' हा खेळही ॲपवर उपलब्ध झाला. या माध्यमांत थेट शुल्क नसले तरी स्मार्टफोन व इंटरनेट जोडणी लागते, आणि स्पर्धकाला आपला दूरध्वनी क्रमांक, वय, पत्ता अशी वैयक्तिक माहिती द्यावी लागते.

## 'हर सीट हॉट सीट' प्रकरण

'कौन बनेगा करोडपती'चे तिसरे पर्व शाहरुख खान यांच्या सूत्रसंचालनाखाली २२ जानेवारी २००७ पासून स्टार प्लसवर प्रसारित झाले. प्रत्येक भागात प्रेक्षकांसाठी चार पर्यायांचा एक प्रश्न विचारला जाई. अचूक उत्तर पाठविणाऱ्यांतून यादृच्छिक पद्धतीने एक विजेता निवडून त्याला २ लाख रुपये दिले जात. एअरटेलच्या ग्राहकांना या स्पर्धेसाठीच्या एसएमएसला २ रुपये ४० पैसे दर लागत असे.

'सोसायटी ऑफ कॅटलिस्ट्स' या ग्राहक संस्थेने स्टार इंडिया आणि भारती एअरटेल यांच्याविरुद्ध राष्ट्रीय आयोगाकडे तक्रार केली. स्पर्धेत भाग घेणे विनामूल्य असल्याचा समज प्रेक्षकांमध्ये निर्माण करण्यात आला; प्रत्यक्षात बक्षिसाची रक्कम आणि आयोजनाचा खर्च वाढीव दराच्या एसएमएसमधून भागविला जात होता, असा संस्थेचा आरोप होता. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ नुसार एखादी गोष्ट विनामूल्य दिली जात असल्याचा आभास निर्माण करून तिची किंमत एकूण व्यवहारातील रकमेतून पूर्णतः किंवा अंशतः वसूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरत असे.

आयोगासमोर आलेल्या आकडेवारीनुसार ५२ भागांत सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस आले. २.४० रुपये दराने त्यांचे मूल्य १३ कोटी ९२ लाख रुपये होते, तर बक्षिसांपोटी १ कोटी ४ लाख रुपये देण्यात आले. सप्टेंबर २००८ मध्ये आयोगाने ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निष्कर्ष काढला आणि दोन्ही कंपन्यांवर संयुक्तपणे १ कोटी रुपयांची दंडात्मक भरपाई बसविली. तक्रारदार संस्थेला ५०,००० रुपये खर्च देण्याचाही आदेश झाला.

दोन्ही कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयात अपील केले. २०१९ मध्ये न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द ठरविला. बक्षिसाची रक्कम एसएमएसच्या वाढीव दरातूनच देण्यात आली हे दाखविणारा पुरेसा पुरावा अभिलेखावर नाही, आणि अशा पुराव्याविना अनुचित व्यापारी प्रथा सिद्ध होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्यायालयाचा निष्कर्ष पुराव्याच्या अभावावर आधारलेला होता. 'विनामूल्य' म्हणून मांडलेल्या स्पर्धेचा खर्च सहभागींकडूनच वसूल करणे कायदेशीर आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

या प्रकरणातून तक्रारदारापुढील मुख्य अडचण स्पष्ट झाली. महसुलाची वाटणी कशी होते हे दाखविणारे करार आणि हिशेब आयोजकांच्या ताब्यात असतात. ते मागवून घेतले नाहीत, तर प्रेक्षकाला किंवा ग्राहक संस्थेला आरोप सिद्ध करणे अवघड जाते.

## संधीचे गणित

### जिंकण्याची शक्यता

'हर सीट हॉट सीट'च्या वरील आकडेवारीवरून दर भागाला सरासरी सुमारे ११ लाख १५ हजार संदेश येतात. म्हणजे एका संदेशामागे सरासरी बक्षीस मूल्य सुमारे १८ पैसे होते. निम्मीच उत्तरे बरोबर होती असे गृहीत धरल्यास अचूक उत्तर देणाऱ्याची जिंकण्याची शक्यता ५ लाख ५७ हजारांत एक आणि त्याच्या संदेशाचे अपेक्षित मूल्य सुमारे ३६ पैसे ठरते. २.४० रुपयांच्या तुलनेत हे मूल्य बरेच कमी आहे. याच सोडतीत एखादी खरोखर विनामूल्य प्रवेशिका समान अटींवर असती, तर जिंकण्याची शक्यता तेवढीच क्षीण राहिली असती. फरक इतकाच की ती पाठविणाऱ्याने काही गमावले नसते.

### प्रवेशिकेची समानता आणि व्यक्तीची समानता

'सर्व प्रवेशिकांना समान संधी' हा नियम पाळूनही सर्व व्यक्तींना समान संधी मिळतेच असे नाही. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होते. समजा, एका स्पर्धेत १०,००० व्यक्तींनी प्रत्येकी एक विनामूल्य प्रवेशिका पाठविली आणि २,००० व्यक्तींनी प्रत्येकी २० सशुल्क प्रवेशिका पाठविल्या.

- एकूण प्रवेशिका ५०,००० होतात. त्यांपैकी १०,००० विनामूल्य व ४०,००० सशुल्क.
- विनामूल्य मार्गाने आलेल्या व्यक्ती एकूण स्पर्धकांच्या सुमारे ८३ टक्के आहेत. तरीही त्यांच्यापैकी कोणी जिंकण्याची शक्यता २० टक्केच आहे.
- विनामूल्य मार्गाच्या एका व्यक्तीची शक्यता ५०,००० मध्ये एक, तर सशुल्क मार्गाच्या एका व्यक्तीची २,५०० मध्ये एक आहे.

सोडतीत कोणताही गैरप्रकार न होताही दोन व्यक्तींच्या संधीत वीस पटींचा फरक पडतो. तो टाळण्यासाठी एकतर दोन्ही मार्गांना प्रतिव्यक्ती समान मर्यादा घालावी लागते किंवा विनामूल्य मार्गानेही तितक्याच प्रवेशिका पाठविण्याची मुभा द्यावी लागते.

### न्याय्य संधीचे निकष

विविध देशांतील नियम व निर्णय पाहता विनामूल्य प्रवेशिकेला न्याय्य संधी आहे की नाही, हे पुढील बाबींवरून तपासता येते:

1. प्रसिद्धी: विनामूल्य मार्गाची माहिती सशुल्क मार्गाइतक्याच ठळकपणे दिली जाते का. पडद्याच्या तळाशी वेगाने सरकणारी बारीक अक्षरे हा निकष पूर्ण करीत नाहीत.
2. सोय: विनामूल्य मार्ग अधिक खर्चिक, किचकट किंवा वेळखाऊ आहे का.
3. मुदत: प्रश्न प्रसारित झाल्यानंतर काही तासांतच मुदत संपत असेल, तर टपालाने येणारी प्रवेशिका निरर्थक ठरते.
4. एकच संच: दोन्ही मार्गांच्या प्रवेशिका एकाच संचात मिसळून सोडत काढली जाते का.
5. प्रवेशिकांची मर्यादा: दोन्ही मार्गांना समान मर्यादा आहे का.
6. निकाल: विजेत्यांची माहिती वाजवी वेळेत जाहीर होते का.

## भारतातील कायदेशीर चौकट

अनधिकृत लॉटरी कार्यालय चालविणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम २९४-अ नुसार गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये ही तरतूद आहे. राज्यांच्या लॉटऱ्यांचे नियमन लॉटरी (विनियमन) अधिनियम, १९९८ नुसार होते. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे. लॉटरीचे तिकीट विकत घेणाऱ्याला आपण पैसे लावत आहोत हे ठाऊक असते. दूरचित्रवाणी स्पर्धेत ही जाणीव पुसट असते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. विनामूल्य असल्याचा आभास निर्माण करून किंमत वसूल करण्याबरोबरच, बक्षीस योजना संपल्यावर तिच्या अंतिम निकालाची माहिती सहभागींपासून दडवून ठेवणे ही देखील अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा अपरिहार्य खर्च आणि वस्तू मिळविण्याचा किंवा पोहोचविण्याचा खर्च यांखेरीज ग्राहकाला काही भरावे लागत असेल, तर ती गोष्ट 'विनामूल्य' म्हणता येत नाही. वाढीव दराचा एसएमएस हा 'अपरिहार्य खर्च' आहे की आयोजकाचे उत्पन्न, हा प्रश्न या तत्त्वामुळे महत्त्वाचा ठरतो.

जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमनासाठी १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या संहितेतही बक्षीस स्पर्धांचा उल्लेख आहे. आपल्या संधीचे खरे आणि न्याय्य चित्र ग्राहकाला दिसेल अशा रीतीने सर्व महत्त्वाच्या अटी स्पष्ट कराव्यात, तसेच परीक्षण, निकाल व बक्षीस वाटपाची पुरेशी व्यवस्था करावी, अशी अपेक्षा ती व्यक्त करते.

### विनामूल्य स्पर्धकाचे कायदेशीर स्थान

ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 'ग्राहक' म्हणजे मोबदला देऊन वस्तू घेणारी किंवा सेवा वापरणारी व्यक्ती. वाढीव दराचा एसएमएस पाठविणारा स्पर्धक आपण मोबदला दिल्याचे सांगू शकतो. ज्याने काहीच भरले नाही त्याला 'ग्राहक' म्हणून वैयक्तिक तक्रार करणे कठीण जाते. परिणामी, ज्याच्या संधीकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता सर्वाधिक असते त्याचेच कायदेशीर स्थान सर्वांत दुबळे राहते. ही उणीव काही प्रमाणात दोन तरतुदींनी भरून निघते. नोंदणीकृत स्वयंसेवी ग्राहक संघटनेला तक्रार करण्याचा अधिकार आहे, आणि ग्राहकवर्गाच्या हिताला बाधा आणणाऱ्या प्रकरणांत केंद्रीय प्राधिकरण स्वतःहून कार्यवाही करू शकते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत, तर पुन्हा उल्लंघन झाल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते.

## इतर देशांतील अनुभव

### ब्रिटन

ब्रिटनमधील गॅम्बलिंग ॲक्ट, २००५ मध्ये विनामूल्य मार्गाची सविस्तर कसोटी दिली आहे. विनामूल्य मार्ग साध्या टपालाचा किंवा सशुल्क मार्गापेक्षा अधिक खर्चिक व गैरसोयीचा नसलेला असावा, त्याची माहिती सहभागींच्या लक्षात येईल अशी दिलेली असावी आणि बक्षीस वाटपात दोन्ही मार्गांत भेद केला जाऊ नये, अशा तिच्या अटी आहेत. त्या पूर्ण झाल्या तरच योजना लॉटरीच्या व्याख्येबाहेर राहते.

२००७ मध्ये ब्रिटिश वाहिन्यांच्या दूरध्वनी स्पर्धांतील अनेक गैरप्रकार उघडकीस आले. जीएमटीव्ही वाहिनीच्या स्पर्धांत दूरध्वनी मार्ग खुले असतानाच अंतिम स्पर्धक निवडले जात होते. त्यानंतर दूरध्वनी करणाऱ्यांना पैसे भरूनही जिंकण्याची कोणतीच संधी नव्हती. नियामक संस्था ऑफकॉमने या वाहिनीला २० लाख पौंड दंड केला. आयटीव्हीच्या 'सॅटर्डे नाइट टेकअवे' या कार्यक्रमातील काही स्पर्धांत सोडतीऐवजी व्यक्तीचे राहण्याचे ठिकाण आणि पडद्यावर ती कितपत शोभेल, या गोष्टी पाहून निवड झाल्याचे आढळले. अशा विविध प्रकारांबद्दल मे २००८ मध्ये आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड दंड झाला. मुलांच्या 'ब्लू पीटर' कार्यक्रमात स्टुडिओत आलेल्या एका बालिकेला दूरध्वनीवरील विजेती म्हणून सादर केल्याबद्दल बीबीसीलाही ५०,००० पौंड दंड झाला होता.

सशुल्क प्रवेशिकांनाही न्याय्य संधीची हमी नसते, हे या प्रकरणांतून दिसले. निवड प्रक्रियेचे स्वतंत्र परीक्षण नसेल, तर प्रवेशिका कोणत्या मार्गाने आली याला फारसा अर्थ उरत नाही.

### अमेरिका

अमेरिकेत 'खरेदीची आवश्यकता नाही' ही घोषणा बक्षीस योजनांच्या जाहिरातींत सर्रास आढळते. २००० च्या दशकात 'डील ऑर नो डील' आदी कार्यक्रमांच्या प्रेक्षक स्पर्धांत ९९ सेंटचा एसएमएस आणि संकेतस्थळावरून विनामूल्य प्रवेश असे दोन्ही मार्ग होते. विनामूल्य मार्ग उपलब्ध असला तरी एसएमएस पाठविणाऱ्यांना पैशाच्या बदल्यात जिंकण्याच्या संधीखेरीज काहीच मिळाले नाही, म्हणून त्यांच्यापुरती ही लॉटरीच होती, असा दावा करण्यात आला. २०१० मध्ये प्रकरण नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयापर्यंत जाऊनही कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार केलेला हा दावा प्राथमिक टप्प्यावर फेटाळला गेला नाही.

## नागपूर आणि विदर्भ

नागपूर व विदर्भातील प्रेक्षकवर्ग मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांतील कार्यक्रम पाहतो, तर या कार्यक्रमांची निर्मिती मुख्यतः मुंबईत होते. दोन्ही शहरांतील रेल्वेचे अंतर आठशे किलोमीटरहून अधिक आहे. टपालाच्या काळात हे अंतर प्रवेशिकेच्या मुदतीवर परिणाम करी. एसएमएस आणि ॲपमुळे नोंदणीच्या टप्प्यावरील अंतर नाहीसे झाले, मात्र चाचणी आणि चित्रीकरण यांसाठी प्रवास व कामावरील रजा यांचा प्रश्न उरतो.

स्पर्धक निवडीच्या कार्यक्रमांत विनामूल्य नोंदणी हा केवळ पहिला टप्पा असतो. 'कौन बनेगा करोडपती'त नोंदणीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देणाऱ्यांतून संगणकीय यादृच्छिक निवड होते. त्यानंतर सामान्यज्ञानाची चाचणी व मुलाखत होऊन मोजके स्पर्धक पुढे जातात. पहिल्या टप्प्यात दैवयोग, दुसऱ्यात ज्ञान आणि तिसऱ्यात निर्मात्यांची पसंती असे निर्णायक घटक बदलत जातात. विनामूल्य नोंदणी पहिल्या टप्प्यात समान असली तरी पुढील टप्प्यांत शिक्षण, भाषेवरील प्रभुत्व आणि व्यक्तिमत्त्व यांचा प्रभाव पडतो.

अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी येथे शाळेत मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्या बबिता ताडे यांनी २०१९ मध्ये या कार्यक्रमाच्या अकराव्या पर्वात १ कोटी रुपये जिंकले. महानगरापासून दूर राहणाऱ्या, अल्प उत्पन्नाच्या व्यक्तीलाही या निवड प्रक्रियेतून पुढे जाता येते, हे या उदाहरणातून दिसते. मात्र अशा एका यशावरून सर्व प्रवेशिकांच्या संधीचे अनुमान काढता येत नाही. पडद्यावर विजेते दिसतात. नोंदणीनंतर कधीच दूरध्वनी न आलेले लाखो जण दिसत नाहीत.

### तक्रारीचे मार्ग

२०१९ च्या अधिनियमानुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. त्यामुळे मुंबईतील वाहिनीविरुद्धची तक्रार नागपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात नोंदविता येते. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क लागत नाही. अपिलासाठी राज्य आयोगाचे परिक्रमा खंडपीठ नागपुरात आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. अडीच-तीन रुपयांच्या संदेशासाठी वैयक्तिक तक्रार क्वचितच केली जाते. त्यामुळे अशा प्रकरणांत ग्राहक संघटनांची भूमिका महत्त्वाची ठरते.

## बक्षिसावरील कर आणि फसवणूक

विनामूल्य प्रवेशिकेवर मिळालेले बक्षीसही करपात्र असते. आयकर अधिनियम, १९६१ मध्ये दूरचित्रवाणीवरील खेळांतून मिळालेल्या बक्षिसावर ३० टक्के दराने कर आकारण्याची तरतूद करण्यात आली. १०,००० रुपयांहून अधिक रोख बक्षिसातून आयोजक हा कर उगमस्थानीच कापून घेतो. बक्षीस वस्तुरूपात असेल, तर ते देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री करण्याची जबाबदारी आयोजकावर असते.

या नियमांविषयीच्या अज्ञानाचा फायदा फसवणूक करणारे घेतात. 'केबीसी लॉटरी'त २५ लाख रुपये लागल्याचे संदेश व्हॉट्सॲपवरून पाठवून 'प्रक्रिया शुल्क' किंवा 'कर' या नावाखाली पैसे उकळण्याचे प्रकार देशभर घडले आहेत. पोलिसांनी व वाहिनीने त्याबाबत वेळोवेळी इशारे दिले आहेत. ज्या स्पर्धेत प्रवेशिकाच पाठविली नाही तिचे बक्षीस लागू शकत नाही, आणि रोख बक्षिसावरील कर बक्षिसातूनच कापला जात असल्याने तो आगाऊ मागण्याचे कारण नसते. अशा फसवणुकीची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाईनवर करता येते.

## हेही पहा

- कौन बनेगा करोडपती
- ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९
- महाराष्ट्र राज्य लॉटरी
- भारतीय जाहिरात मानक परिषद
- संभाव्यता